दाखला शोधायला शिकवणारे विद्यार्थी

अमेरिकेतील कायदेशिक्षणाच्या इतिहासात प्राध्यापकांची आणि न्यायमूर्तींची नावे ठळकपणे येतात. नवख्या विद्यार्थ्याला जुना निवाडा कसा शोधावा आणि कसा पारखावा हे शिकवणारा वरच्या वर्गातला विद्यार्थी मात्र त्यात क्वचितच दिसतो. या शिक्षणातला एक महत्त्वाचा धागा त्याच्या हातून पुढे गेला आहे.

आधुनिक कायदेशिक्षणाचे प्रवर्तक मानले जाणारे ख्रिस्तोफर कोलंबस लँगडेल स्वतः अशाच कामातून घडले. १८५१ ते १८५४ या काळात हार्वर्डमध्ये कायदा शिकत असताना ते तिथल्या ग्रंथालयात साहाय्यकाचे काम करत. प्राध्यापक थिऑफिलस पार्सन्स यांच्या करारविषयक ग्रंथासाठी त्यांनी निवाडेही धुंडाळले. १८७० मध्ये ते त्याच संस्थेचे डीन झाले. पुढच्या वर्षी त्यांचे करारविषयक निवाड्यांचे संकलन प्रसिद्ध झाले आणि मूळ निवाडे वाचून कायदा शिकण्याची पद्धत हळूहळू देशभर रुजली. रसायनशास्त्रज्ञाला जशी प्रयोगशाळा, तसे वकिलाला ग्रंथालय, असे ते मानत.

पण या प्रयोगशाळेतले साहित्य आवाक्याबाहेर वाढत होते. सेंट पॉल येथील जॉन वेस्ट यांच्या कंपनीने १८७९ पासून प्रांतोप्रांतीचे निवाडे खंडांत छापायला सुरुवात केली. आपल्या वकिलांच्या कपाटांत नागपूरच्या ‘ऑल इंडिया रिपोर्टर’चे जे स्थान, तेच तिकडे या खंडांचे. नुसता निवाडा सापडून भागत नाही. तो पुढे कोणी फिरवला तर नाही ना, हेही पाहावे लागते. त्यासाठी शिकागोच्या फ्रँक शेपर्ड यांनी १८७३ मध्ये एक साधी युक्ती काढली. एखाद्या निवाड्याचा उल्लेख पुढे कुठे कुठे झाला, याची यादी छापलेल्या डिंक लावलेल्या पट्ट्या ते विकत. वकील त्या आपल्या खंडांच्या समासात चिकटवत. पुढे या तपासणीला त्यांच्याच नावावरून क्रियापद मिळाले.

हे कसब व्याख्यान ऐकून येत नाही. कोलंबिया विद्यापीठाचे ग्रंथपाल फ्रेडरिक हिक्स यांनी १९२३ मध्ये कायदेसंशोधनाच्या पद्धतींवर पाठ्यपुस्तक लिहिले. तरी पुस्तक वाचून पोहता येत नाही, तसेच हेही. शेजारी बसून चूक दाखवणारे कोणीतरी लागते. हार्वर्डमध्ये १९१० साली विद्यार्थी-सल्लागारांचे मंडळ स्थापन झाले. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना संशोधन-लेखन शिकवतात, ही प्रथा आजही चालू आहे. संदर्भ कसे द्यावेत हे ठरवणारे ‘ब्लूबुक’ १९२६ मध्ये निघाले, तेही विद्यार्थ्यांनीच संपादित केलेले.

विद्यार्थी-साहाय्यकाची जागा अवघड असते. शिकणाऱ्यांपेक्षा तो वर्षा-दोन वर्षांनीच पुढे असतो; त्यामुळे प्राध्यापकाला विचारायला संकोच वाटणारा प्रश्न त्याला विचारता येतो. पण त्याने उत्तर हातात ठेवले, तर शिकणे तिथेच संपते. म्हणून चांगला साहाय्यक उलट विचारतो : हा निवाडा कुठल्या न्यायालयाचा? पुढे त्याचे काय झाले? मूळ पान तू उघडून पाहिलेस का? मात्र या कामाला प्रतिष्ठा कमीच मिळाली. संशोधन-लेखन शिकवणाऱ्या पूर्णवेळ अध्यापकांनाही बऱ्याच ठिकाणी इतर प्राध्यापकांहून कमी दर्जा आणि कमी वेतन मिळत आले. मग साहाय्यकाची काय कथा?

१९७३ मध्ये ‘लेक्सिस’ आले आणि निवाडे संगणकावर शोधता येऊ लागले. समासातल्या पट्ट्या गेल्या, पण तपासणीची गरज गेली नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी सादर केलेले काही निवाडे अस्तित्वातच नव्हते. ते ‘चॅटजीपीटी’ने रचलेले होते. हे निवाडे खरे आहेत का, असे त्या वकिलाने त्याच यंत्राला विचारले होते आणि यंत्राने होकार दिला होता. न्यायालयाने ५,००० डॉलर दंड केला.

त्या वकिलाकडे अनुभवाची कमतरता नव्हती. तीस वर्षांच्या आसपास त्याची वकिली झाली होती. राहून गेले ते पहिल्या वर्षाचे काम : मूळ निवाडा उघडून पाहणे. ज्या शिकवणीला संस्थांनी दुय्यम मानले, तिचे मोल न्यायालयाला दंड करून सांगावे लागले.