गंध, फळमाशी आणि कुलाब्यातील एक प्रयोगशाळा

तंजावर म्हटले की मराठी वाचकाला दुसरे सरफोजी राजे आठवतात. १७९८ ते १८३२ या त्यांच्या कारकिर्दीतील नेत्ररुग्णांच्या नोंदी, विकारग्रस्त डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेल्या आहेत. डोळ्याचा विकार चित्रात उतरवता येतो. गंध मात्र कागदावर उमटत नाही. कदाचित म्हणूनच इंद्रियविज्ञानात तो दीर्घकाळ उपेक्षित राहिला. या उपेक्षित इंद्रियाच्या अभ्यासाला भारतात पाया घालून देणारे ओबैद सिद्दिकी यांच्या नावाचा जीवविज्ञानातील पुरस्कार आज त्याच तंजावरचे ‘शास्त्र’ अभिमत विद्यापीठ देते. सिद्दिकींचे हे कार्य घडले ते मुंबईत.

गंधाचे कोडे काय आहे, हे आधी पाहू. रंग प्रकाशाच्या तरंगलांबीनुसार आणि स्वर वारंवारतेनुसार एका रांगेत मांडता येतात. गंधांना अशी रांग नाही. रेणूच्या रचनेत किंचित बदल झाला तरी वास पालटू शकतो. मग मेंदू पिकलेले केळे आणि कडू बदाम यांतील भेद कशाच्या आधारे ओळखतो? सर्व गंध एकाच दारातून आत शिरतात, की प्रत्येक प्रकारासाठी निराळे दार असते?

१९३२ मध्ये उत्तर प्रदेशातील बस्ती येथे जन्मलेले सिद्दिकी मूळचे सूक्ष्मजीवांच्या आनुवंशिकीचे अभ्यासक. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून १९६२ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवविज्ञानाचा विभाग सुरू केला. तेथे नाव झाल्यावर, चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी क्षेत्रच बदलले. अमेरिकेत सेमूर बेन्झर यांच्यासह त्यांनी उष्णतेने लुळ्या पडणाऱ्या आणि थंडाव्यात पुन्हा सावरणाऱ्या फळमाश्यांचा अभ्यास केला. एका जनुकातील दोष मज्जातंतूंच्या कार्यात कसा प्रकटतो, हे त्यातून दिसले. हीच पद्धत मुंबईत परतल्यावर त्यांनी गंध आणि चव यांना लावली.

या कामात त्यांना लाभलेली विद्यार्थिनी म्हणजे वेरोनिका रॉड्रिग्स. गोमंतकीय कुटुंबातील, केनियात जन्मलेल्या आणि डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकलेल्या रॉड्रिग्स संशोधनासाठी कुलाब्याला आल्या. प्रयोगाची साधने साधी होती. इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराच्या नळीत माश्या सोडायच्या. एका फाट्यात गंधयुक्त हवा, दुसऱ्यात निर्गंध. माश्या कोणत्या बाजूला वळतात ते मोजायचे आणि हजारोंमधून चुकणाऱ्या निवडायच्या. फळमाशीची पिढी सुमारे दहा दिवसांत तयार होते, त्यामुळे दोष वंशात उतरतो का, हेही लवकर कळते.

या शोधात काही विलक्षण उत्परिवर्तित माश्या हाती आल्या. कडू बदामाच्या वासाच्या बेन्झाल्डिहाइडला त्या दाद देत नव्हत्या. अन्य काही गंध मात्र त्यांना नीट कळत होते. दार एकच असते, तर ते बिघडल्यावर सारेच गंध हरपले असते. येथे एक हरपला आणि बाकीचे उरले. अर्थात गंधांच्या वाटा निदान काही अंशी स्वतंत्र होत्या. हे निष्कर्ष १९७८ मध्ये भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे १९८०च्या दशकात रॉड्रिग्स यांनी किरणोत्सारी शर्करेचा उपयोग केला. कार्यरत चेतापेशी शर्करा अधिक शोषतात, म्हणून गंध दिल्यावर मेंदूचा कोणता भाग जागा होतो, हे त्यातून दिसते. निरनिराळे गंध माशीच्या मेंदूतील चेतातंतूंचे निरनिराळे गोलक चेतवतात, असे त्यातून आढळले. गंधाला मेंदूत स्थान असते, याचा तो नकाशा होता.

१९९१ मध्ये लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांनी उंदरांच्या वर्गातील प्राण्यांत गंधग्राहकांच्या जनुकांचे मोठे कुटुंब शोधले. २००४ चे नोबेल त्यांना मिळाले. फळमाशीतील गंधग्राहक जनुके १९९९ मध्ये सापडली. या शोधांचे श्रेय निर्विवादपणे त्या संशोधकांचे आहे. मुंबईच्या प्रयोगांनी ग्राहक शोधले नव्हते. मात्र ग्राहकाचा रेणू ठाऊक नसताना, केवळ वर्तन आणि वंशावळ यांवरून दारे अनेक असल्याचे त्यांनी ताडले, आणि गंधासारखा निसटता विषय जनुकांच्या भाषेत विचारता येतो हे दाखवले.

रॉड्रिग्स २०१० मध्ये आणि सिद्दिकी २०१३ मध्ये निवर्तले. सिद्दिकींनी बंगळुरूत उभारलेल्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात गंधाचा अभ्यास पुढेही चालत राहिला. २०२४ मध्ये प्रौढ फळमाशीच्या मेंदूतील सुमारे १ लाख ४० हजार चेतापेशींच्या जोडण्यांचा संपूर्ण आराखडा प्रसिद्ध झाला. वाटा आता दिसतात. त्या वाटांवरून जाणारा गंध आठवण कसा होतो, ओढ किंवा किळस कशी निर्माण करतो, हे मात्र अजून पुरते उलगडलेले नाही. विज्ञानाचा इतिहास वाचणाऱ्या विद्यार्थ्याने पारितोषिकांच्या यादीबरोबरच असे प्रश्न प्रथम नेमके कोणी विचारले, याचीही नोंद ठेवावी. पुढचे प्रयोग त्या नेमकेपणातूनच सुचतात.