रित्या नगराचा डाव

वीरकथांतून एक वाक्य आपणांस वारंवार भेटतें : शत्रु काय करणार हें नायकानें आधींच ओळखलें होतें. आपण मान डोलावतों आणि पुढें वाचूं लागतों. परंतु बुद्धिबळाच्या पटावर दोन्ही बाजूंचीं मोहरीं एकच माणूस हलवूं लागला, तर त्याचा अंदाज चुकेल कसा? कादंबरीकार नेमका अशाच जागीं बसलेला असतो. म्हणून नायकाच्या दूरदृष्टीस दाद देण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे. अंदाज घटनेच्या आधीं बोलून दाखविला होता काय? तो नायकास ठाऊक असलेल्या गोष्टींवरूनच निघतो काय? आणि प्रतिपक्षास दुसरे मार्ग मोकळे असतां त्यानें तोच मार्ग कां धरला?

या कसोट्यांवर आज चीन देशांतील एक विख्यात कथा घासून पाहूं. इ. स. २२० ते २८० या काळांत तेथें वेइ, शू आणि वू अशीं तीन राज्यें एकमेकांशीं झगडत होतीं. या झगड्यावरील १२० प्रकरणांची कादंबरी चौदाव्या शतकांतील लुओ ग्वानजोंग याच्या नांवावर मोडते. तिच्यांत बुद्धीचा मुकुटमणि म्हणजे शू राज्याचा प्रधान जुगे ल्यांग.

प्रसंग २२८ सालच्या मोहिमेचा, ९५ व्या प्रकरणांतील. मा सू या सरदारानें ज्येतिंगचें नाकें गमावलें आणि वेइचा सेनापति सिमा यी दीड लाख फौजेनिशीं चालून आला. जुगे ल्यांग एका लहानशा नगरांत सांपडला. जवळ अवघे अडीच हजार शिपाई. त्यानें चारी दरवाजे उघडविले, प्रत्येक दरवाजाशीं वीस शिपाई नागरिकांच्या वेषांत झाडूं लावले, आणि आपण तटावर बसून शांतपणें तंतुवाद्य छेडूं लागला. सिमा यीचा पुत्र म्हणाला, आंत सैन्य नाहीं म्हणून हें सोंग असावें. पिता म्हणाला, हा मनुष्य जन्मभर सावधपणें वागलेला. ज्या अर्थीं दरवाजे उघडे, त्या अर्थीं आंत दबा धरलेला आहे. फौज माघारी फिरली!

आतां कसोटी लावूं. डावाचा खुलासा जुगे ल्यांग करतो तो डाव साधल्यावर. म्हणजे पहिल्या प्रश्नाचें उत्तर लंगडें पडतें. दुसऱ्याचें उत्तर चांगलें आहे, कारण आपल्या सावधपणाची ख्याति शत्रूच्या कानीं गेली आहे हें त्यास ठाऊक होतें. परंतु तो स्वतःच कबूल करतो कीं, पळून गेलों असतों तरी लांब पोहोंचलों नसतों. निरुपाय होता म्हणून हें केलें. तेव्हां हें भविष्य ओळखणें नव्हे, शेवटचा उरलेला फांसा टाकणें होय. शिवाय शत्रूचें मन वाचणाऱ्या या पुरुषानें आपल्याच मा सूचें मन मात्र वाचलें नव्हतें. मा सूचें बोलणें त्याच्या कर्तृत्वाहून मोठें आहे, असा इशारा राजा ल्यू बेइ यानें मरतेसमयीं दिला असतांही!

तिसऱ्या प्रश्नास उत्तर दिलें तें पेइ सोंगजी या टीकाकारानें. चेन शौ याच्या तीन राज्यांच्या इतिहासावरील आपली टीका त्यानें ४२९ सालीं बादशहास सादर केली. रित्या नगराची दंतकथा त्याच्या वेळींही प्रचलित होती. त्या पाठांत स्थळ यांगपिंग, सैन्य दहा हजार आणि शत्रु दोन लाख. ती उतरून घेऊन पेइ विचारतो : त्या वेळीं सिमा यी दूर वान नगरीं होता, मग तो येथें आला कोठून? शत्रूजवळ माणसें थोडीं आहेत हें ठाऊक असतां दोन लाखांच्या धन्यास दब्याचा संशय आला, तर पहारे बसवून सावध राहावें, पळावें कां? आणि ही गोष्ट सांगितली गेली ती सिमा यीच्याच एका मुलासमोर. मुलाच्या तोंडावर बापाची अशी फजिती कोण सांगेल? पंधराशेंहून अधिक वर्षांपूर्वींची ही चिकित्सा आजही आदर्श वाटते.

मग खरी दूरदृष्टि कशी दिसते? तिचेंही उदाहरण पेइनें एका जुन्या ग्रंथांतून उतरून ठेवलें आहे. २३४ सालीं वूजांगच्या पठारावर हे दोघे शंभरांहून अधिक दिवस समोरासमोर तळ देऊन होते. जुगे ल्यांगचा दूत आला, तेव्हां सिमा यीनें लढाईची गोष्टच काढली नाहीं. तुमचे प्रधान जेवतात किती, झोंपतात केव्हां, काम किती पाहतात, एवढेंच विचारलें. उत्तर मिळालें : पहांटे उठतात, रात्रीं उशिरा निजतात, वीस फटक्यांपासून वरची प्रत्येक शिक्षा स्वतः तपासतात, आणि खातात अगदीं थोडें. सिमा यी म्हणाला, हा गृहस्थ फार दिवस जगत नाहीं. त्याच वर्षीं आठव्या महिन्यांत जुगे ल्यांग छावणींतच वारला.

येथें अंदाज आधीं बोलला गेला, समोरच्या पुराव्यावरून निघाला, आणि तो खोटाही ठरूं शकला असता. शिवाय तो खोटा ठरता तरी सिमा यीची फौज तटाआड सुरक्षितच होती.

रित्या नगराची कथा गोड आहे. मुलांना ती अवश्य सांगावी. पण तिच्याबरोबर पेइचे प्रश्नही सांगावे. आपल्या नायकास सारें आधींच ठाऊक असतें असें ज्यांना वाटूं लागतें, ते पहारे ठेवीत नाहींत; आणि ज्येतिंगसारखीं नाकीं अशाच निष्काळजीपणानें हातचीं जातात.