हेसेचे गाव, वटवाघळांचा बोगदा
हेरमान हेसेच्या काल्व गावी स्टुटगार्टकडून रेल्वे आली १८७२ साली. त्याच वर्षी काल्वनिवासी आजोबांचा, हेरमान गुंडर्ट यांचा, मल्याळम-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. नातवाचा जन्म १८७७चा. पुढे मोटारींनी प्रवासी पळवले आणि वाइल डेर श्टाट ते काल्व ही प्रवासी गाडी १९८३मध्ये थांबली. हा मार्ग हेसेच्याच नावाने पुन्हा उभारायला घेतला, तेव्हा ओस बोगद्यांत वटवाघळांनी बिऱ्हाड थाटलेले! निसर्गप्रेमींशी वाद झाला. अखेर बोगद्यांतच आडभिंत घालून त्यांना वेगळा कप्पा दिला. खर्च वाढला, विलंबही झाला. आम्हांला मात्र नामकरणापेक्षा ही तडजोड मोलाची वाटते. स्टुटगार्टची उपनगरी गाडी वाइल डेर श्टाटलाच संपते; हेसेची गाडी पुढे रेनिंगेनपर्यंत नेण्याचा बेत आहे.