दुसऱ्या गेटला बंद पडणारी फियाट

टिळकवाडीतल्या जुन्या मंडळींना आमची पांढरी फियाट आठवत असेल. रस्त्यावर ती छान पळायची. पण दुसरं रेल्वे गेट पडलं, गाडी उभी राहिली, की इंजिन थरथरायचं, दोन आचके द्यायचं आणि बंद. गेट उघडलं की मागचे हॉर्न आणि अण्णांचा चेहरा, दोन्ही झेलायला मी.

आधी गाडीविषयी सांगतो, कारण आजच्या मुलांना ते खरं वाटत नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, पुढे कुर्ल्याला कारखाना. सुरुवातीला डॉज-प्लिमथ जोडल्या, मग फियाट. १९५४ ला ११०० आली, १९६४ ला तिची डिलाइट. १९७२ ला तिलाच प्रेसिडेंट म्हणू लागले आणि १९७४ ला पद्मिनी. नावं बदलली, पण १०८९ सीसीचं इंजिन आणि स्टिअरिंगवरचा गिअर तोच. नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबायचं. त्यामुळे नंबर लागलेला माणूस गाडी घेऊन लगेच विकायचा आणि वर पैसे कमवायचा. कॉलेजात मी घसारा शिकलो होतो, म्हणजे वस्तू वापरली की किंमत उतरते. इथे उलटंच! अण्णांनी १९७५ साली जुनी डिलाइट घेतली, तीही अशीच चढ्या भावानं.

गाडी बिघडली १९८१ च्या दिवाळीनंतर. मेस्त्री म्हणाला, स्लो जेटमध्ये कचरा. जेट फुंकला, दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच. मग डेल्कोचे पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला, प्लग बदलले. शेवटी सगळ्यांनी मिळून एक तोडगा काढला. चोक थोडा ओढलेला ठेवायचा, मग बंद पडत नाही. आम्ही खूश. पाच वर्षं अर्धा चोक ओढून आंबोली घाट चढलो-उतरलो.

१९८६ ला सायलेन्सरमधून धूर येऊ लागला. इंजिन बोअर करून घेतलं, नवे पिस्टन, नव्या रिंगा. तेव्हाच्या माझ्या पगारात तो खर्च चांगलाच बोचला. गाडी घरी आणताना दुसरं गेट पडलेलं होतं, आणि ती तिथेच बंद पडली. अण्णा एवढंच म्हणाले, "तू हात लावलास तेव्हापासून हे." दिवाळीत मी कार्बोरेटर खोलून साफ केला होता, त्यावर त्यांचा रोख. मला फार लागलं ते. मी म्हणालो, डुप्लिकेट पार्ट मिळतात बाजारात, त्याला मी काय करू? त्यानंतर त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली नाही. १९९८ ला ते गेले. गाडी शेडमध्ये उभीच राहिली.

२०११ ला निवृत्त झालो आणि वेळच वेळ मिळाला. उद्यमबागेत लेथवर आयुष्य काढलेले एक शेजारी आहेत, त्यांना बोलावलं. टाकी धुतली, रबरी नळ्या बदलल्या, बॅटरी टाकली. सुरू झाली आणि पुन्हा तीच थरथर. त्यांनी डेल्कोकडे बघितलंसुद्धा नाही. तेलाच्या बुधलीतून कार्बोरेटरच्या बुडाशी, जोडावर, चार थेंब सोडले. इंजिन एकदम सुरळीत! तेल ओढलं गेलं, की पुन्हा थरथर. "हवा ओढतेय इथून," ते म्हणाले.

मग त्यांनी समजावलं. गाडी उभी असताना थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो, इंजिनला हवा-पेट्रोल अगदी मोजकं मिळतं. त्यात फटीतून चोरटी हवा शिरली, की मिश्रण पातळ होऊन इंजिन विझतं. वेगात असताना एरवीच इतकी हवा जात असते, की ती फट जाणवत नाही. म्हणून रस्त्यावर ठीक आणि गेटला बंद. चोक ओढला की पेट्रोल वाढून हिशेब जुळायचा. पण ते जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं आणि रिंगा झिजतात. म्हणजे बोअरचा खर्च आमच्याच तोडग्यानं काढला होता.

कार्बोरेटर उतरवून त्यांनी बूड काचेवर ठेवलं. दोन्ही टोकं खाली झुकलेली, मधे फट. "कुणीतरी नट जोर लावून आवळलेत. हा धातू मऊ, वाकतो."

मी गप्प. १९८१ च्या दिवाळीत, पेट्रोल गळू नये म्हणून, पान्याला पाईप लावून ते नट मीच आवळले होते. त्याचा मला तेव्हा अभिमानही वाटला होता! तीस वर्षं मी डुप्लिकेट पार्टना शिव्या देत होतो आणि अण्णा बरोबर होते.

काचेवर पॉलिश पेपर ठेवून बूड घासायला एक दुपार गेली. नवं पॅकिंग कापलं, नट हातानं आलटून-पालटून, बेताचे आवळले.

आता दुसरं गेट पडलं, की सगळे इंजिन बंद करतात. मी करत नाही. परवा शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "काका, बंद करा की. पेट्रोल कशाला जाळताय?"