‘प्राइडला जाणं सेफ आहे का?’ : तीन शहरांचा इतिहास आणि नीट न मांडलेला एक प्रश्न

समजा, तुमचा पेपर युरोपातल्या एका परिषदेत स्वीकारला गेला आहे. तारखा बघताना लक्षात येतं, की परिषद संपते त्याच शनिवारी त्या शहरात प्राइड मोर्चा आहे. जावंसं वाटतं. कोणी स्वतःसाठी जाईल, कोणी मित्राला सोबत म्हणून, कोणी नुसतं बघायला. मग आपण काय करतो? मोबाइलवर टाइप करतो, ‘अमुक देश सेफ आहे का?’ समोर हिरव्या-लाल रंगांचा एक नकाशा येतो. हिरवा दिसला की निश्चिंत, लाल दिसला की बेत रद्द.

संशोधनाच्या तयारीत असलेल्या तुम्हाला आज एवढंच सांगायचं आहे, की हा प्रश्न नीट मांडलेलाच नाही. सुरक्षितता हा देशाचा कायमचा गुणधर्म नसतो, पाण्याच्या उत्कलनबिंदूसारखा. धोका कोणाकडून आहे, कधी आहे आणि कोणाला आहे, हे तीन चल वेगळे केल्याशिवाय उत्तर निघत नाही. हे समजायला तीन शहरांचा अलीकडचा इतिहास पुरेसा आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. जून १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘स्टोनवॉल इन’ या बारवर पोलिसांनी धाड घातली आणि तिथल्या लोकांनी प्रतिकार केला. त्याच्या वर्षपूर्तीला, २८ जून १९७० रोजी, तिथे पहिला मोर्चा निघाला. म्हणजे मुळात हा निषेध होता, आणि तोही पोलिसांविरुद्ध. पुढे अनेक शहरांत संगीत आलं, सजवलेल्या गाड्या आल्या, प्रायोजक आले आणि आपण त्याला ‘फेस्टिव्हल’ म्हणू लागलो. पण सगळी शहरं या वाटेवर एकाच टप्प्यावर नाहीत.

बेलग्रेड : धोका जमावाकडून

सर्बियाच्या राजधानीत पहिला प्राइड ३० जून २००१ रोजी ठरला. दोनच दिवस आधी माजी राष्ट्राध्यक्ष मिलोशेविच यांना हेगच्या न्यायालयाकडे सोपवलं होतं. शहर तापलेलं होतं, पोलीस थोडे होते आणि हल्लेखोर खूप. जमलेल्या लोकांना भर चौकात मारहाण झाली.

२००९ मध्ये सर्बियाने भेदभावविरोधी कायदा केला आणि त्यात लैंगिक कलाचाही समावेश केला. कायद्याचा नकाशा सुधारला. त्याच वर्षी मोर्चा ठरला, पण शहराच्या मध्यभागी संरक्षण देऊ शकत नाही असं सरकारने सांगितलं आणि तो रद्द झाला. पुढच्या वर्षी, १० ऑक्टोबर २०१० रोजी, मोर्चा निघाला. सहभागी साधारण १,०००, त्यांच्या रक्षणाला ५,००० च्या आसपास पोलीस आणि रस्त्यांवर हजारो दंगलखोर. १०० हून अधिक लोक जखमी झाले, त्यातले बहुतेक पोलीसच. सहभागी लोकांना शेवटी पोलिसांच्या गाड्यांतून बाहेर काढावं लागलं. इथे सरकारी यंत्रणा मोर्च्याच्या बाजूला होती आणि धोका रस्त्यावरून आला.

त्यानंतर २०११, २०१२ आणि २०१३ अशी सलग तीन वर्षं बंदी आली. २०१४ मध्ये कडक बंदोबस्तात मोर्चा शांततेत पार पडला. शहर तेच, देश तोच, चार वर्षांत चित्र उलटं. २०१० ची बातमी वाचून २०१४ चा निर्णय घेतला असता तर तो चुकला असता.

इस्तंबूल : धोका पोलिसांकडून

तुर्कस्तानात समलिंगी संबंध गुन्हा नाहीत. इस्तंबूलमध्ये २००३ साली तीसेक लोकांनी पहिला मोर्चा काढला. दहा वर्षांत तिथे हजारोंची गर्दी जमू लागली. अनेक पर्यटकांच्या मनात हेच इस्तंबूल होतं. मग जून २०१५ मध्ये, रमजानच्या काळात, गव्हर्नर कार्यालयाने ऐनवेळी बंदी घातली. लोक तरीही जमले आणि पोलिसांनी त्यांच्यावर पाण्याचे फवारे आणि रबरी गोळ्या वापरल्या. तेव्हापासून दरवर्षी बंदी आणि धरपकड हाच क्रम आहे.

बेलग्रेडमध्ये जो पोलीस तुमच्या आणि जमावाच्या मध्ये उभा होता, तोच इथे तुमच्यासमोर उभा आहे. म्हणून ‘काही झालं तर पोलिसांकडे जा’ हा सरसकट सल्ला इथे लागू पडत नाही. जून २०२३ मध्ये पोर्तुगालच्या एका पर्यटकाला प्राइडच्या दिवशी पकडून जवळपास तीन आठवडे कोठडीत ठेवलं होतं. आपण मोर्च्यात नव्हतोच, असं त्याचं म्हणणं होतं.

बुडापेस्ट : धोका कागदाकडून

हंगेरीत १९९७ पासून मोर्चा निघतो. मार्च २०२५ मध्ये तिथल्या संसदेने कायदा बदलून अशा मोर्च्यांवर बंदीचा मार्ग मोकळा केला. सहभागी माणसाला २,००,००० फोरिंटपर्यंत दंड, म्हणजे साधारण ५०,००० रुपये. शिवाय त्याला शोधायला चेहरा ओळखणारे कॅमेरे वापरायची मुभा. महापौर गेर्गे काराचोनी यांनी हा महापालिकेचाच कार्यक्रम असल्याचं जाहीर केलं आणि २८ जून २०२५ रोजी एक लाखाहून जास्त लोक रस्त्यावर आले. दिवस शांततेत गेला. जुलैमध्ये पोलिसांनी सांगितलं, की सहभागींवर कारवाई करणार नाही.

म्हणजे त्या दिवशी रस्त्यावर भीती नव्हती. धोका होता तो नंतर घरी येऊ शकणाऱ्या नोटिशीचा. डोळ्यांना तो दिसत नाही.

मग विचारायचं काय?

‘इल्गा-युरोप’ ही संघटना दरवर्षी इंद्रधनुषी नकाशा काढते. काम चांगलं आहे, पण तो मुख्यतः कायदे आणि धोरणं मोजतो. मोर्च्याच्या दिवशी चौकात किती दंगलखोर असतील, हे मोजण्यासाठी तो बनवलेलाच नाही. थर्मामीटरने वजन मोजू नये, इतकी साधी गोष्ट आहे.

त्यापेक्षा हे विचारा. धोका जमावाकडून आहे, पोलिसांकडून, की कागदाकडून? माझ्यासमोरची माहिती कोणत्या तारखेची आहे? यंदा परवानगी आहे का, आणि ती ऐनवेळी मागे घेतली जाऊ शकते का? परतीच्या वाटेचं काय? २०२२ मध्ये बेलग्रेडला युरोप्राइड झाला, आधी बंदी घालून शेवटी छोट्या मार्गाने. कडं पोलिसांचं होतं, पण मोर्चा संपल्यावर परतणाऱ्या काही जणांवर हल्ले झाले. झेंडा आणि बॅज पिशवीत कधी टाकायचे आणि कोणासोबत परतायचं, हे आधीच ठरवायचं असतं ते याचसाठी.

आपला पासपोर्ट हाही एक चल आहे. त्या २०२२ सालच्या सप्टेंबरमध्ये भारतीयांना ३० दिवसांपर्यंत सर्बियात व्हिसा लागत नव्हता; १ जानेवारी २०२३ पासून ती सवलत बंद झाली. शिवाय जिथे स्थानिक माणसाला दंड होऊन विषय संपतो, तिथे परदेशी माणसाला देश सोडण्याचा आदेशही मिळू शकतो. म्हणून परतीचं तिकीट, व्हिसाची प्रत आणि दूतावासाचा नंबर कागदावर जवळ ठेवा. फोन काढून घेतला जाऊ शकतो.

आणि एक प्रश्न आपण बहुतेक वेळा विचारतच नाही : मी विमानात बसल्यावर उरलेला धोका कोणाच्या वाट्याला जातो? बुडापेस्टमध्ये पाहुणे घरी परतले आणि ऑगस्टमध्ये महापौरांना संशयित म्हणून चौकशीला बोलावलं गेलं. बेलग्रेडमध्ये बंदीच्या तीन वर्षांत तिथली माणसं तिथेच राहत होती, त्याच गल्ल्यांतून कामाला जात होती. म्हणून कोणाचाही फोटो चेहरा दिसेल असा टाकण्याआधी त्या माणसाला विचारा. तुमच्यासाठी ती आठवण आहे, त्याच्यासाठी तो पुरावा ठरू शकतो.

जाऊ नका, असं हे सगळं वाचून वाटायला नको. जायचं की नाही हे तुम्हीच ठरवा. फक्त नकाशाचा रंग बघून ठरवू नका. उद्या तुमच्या प्रबंधात एखादा निर्देशांक वापरायची वेळ आली, तरी आधी हेच विचारा : हा आकडा नेमकं काय मोजतो आणि कधीचं मोजतो?