निघोजचे रांजणखळगे

महाराष्ट्रातील एक भूवैज्ञानिक स्थळ. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यात, निघोज गावापासून काही किलोमीटरांवर कुकडी नदीच्या खडकाळ पात्रात हे रांजणासारखे खोल खळगे आहेत. पलीकडच्या काठावर पुणे जिल्ह्यातील टाकळी हाजी (ता. शिरूर) हे गाव असून येथे नदी हीच दोन जिल्ह्यांची हद्द आहे. पंचक्रोशीत या जागेला नुसते ‘कुंड’ म्हणतात. दोन्ही तीरांवर मळगंगा देवीची मंदिरे आहेत. चैत्रात निघोजला देवीची मोठी यात्रा भरते.

कुकडी जुन्नर तालुक्यात नाणेघाट-कुकडेश्वर परिसरात उगम पावते आणि पुढे घोड नदीला मिळते. येथील खडक दख्खनच्या पठाराचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तो बनला. लाव्हा निवताना आकसला, त्याने खडकात सांधे पडले. अडकलेल्या वायूंच्या पोकळ्यांत पुढे झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी अशी खनिजे भरली. एरवी अत्यंत कणखर असलेला हा दगड नेमका या सांध्यांच्या व पोकळ्यांच्या जागी उणा पडतो. उन्हाळ्यात तापायचे, पावसात भिजायचे, सांध्यांत पाणी मुरायचे, मऊ खनिजे कुजून निघून जायची, आणि पृष्ठभागावर बारीकसारीक खाचा राहायच्या. येथवरचे काम विदारणाचे; खडक जागचा हललेला नसतो.

पुढचे काम पुराचे. पावसाळ्यात अरुंद घळीत शिरलेले पाणी वेग घेते आणि खाचांवर भोवरे धरते. भोवऱ्यात सापडलेले गोटे व वाळू तळाशी गरगरत राहतात आणि गिरमिटाने भोक पाडावे तसा खडक खाली कोरला जातो. गोटेही बहुधा बेसॉल्टचेच. खडक झिजवता झिजवता तेही झिजून गुळगुळीत होतात, शेवटी वाळू होऊन वाहून जातात, आणि पुढच्या पुरात नवे येतात. ही घासणी तळाकडे अधिक होते, म्हणूनच काही खळगे तोंडाशी निमुळते व पोटात फुगीर आहेत. पाणी ओसरल्यावर एखाद्या कोरड्या खळग्यात वाकून पाहावे: कडा हाताला तुळतुळीत लागते, भिंतीवर वळत गेलेल्या पन्हळी दिसतात, तळाला गोल गोटे पडलेले असतात. घडण्याची सारी हकिगत तेथे डोळ्यांसमोर असते.

शेजारशेजारचे खळगे वाढत गेले की मधली भिंत पातळ होते, तिला खिडकी पडते, कमान उरते, मग तीही कोसळते. असे खळगे जुळत जाऊन नदीचे आतले पात्र खोल होत गेले आहे. निघोजचे खरे महत्त्व प्रस्तुत लेखकाच्या मते येथेच आहे. खळगे सुंदर आहेतच. पण नदी कठीण कातळात आपली वाट कशी खोदते, याच्या सगळ्या अवस्था इतक्या थोड्या जागेत एकत्र पाहायला मिळणे दुर्मीळ. इंद्रायणीच्या पात्रातही रांजणखळगे आहेत; पण भूगोलाच्या विद्यार्थ्याने आधी निघोज पाहावे.

पुण्याहून शिरूरमार्गे येथे येता येते. हिवाळा ते उन्हाळ्याचा आरंभ हा काळ पाहण्यास योग्य. शेवाळलेल्या कडा निसरड्या असतात व खळग्यांची खोली वरून कळत नाही, तेव्हा पाण्यात उतरू नये. तळाचे गोटे आठवण म्हणून उचलून नेऊ नयेत; पुढच्या पावसाळ्यात त्यांचे काम बाकी आहे.