वृक्षांतली सुजाता

बौद्ध कथेतील सुजाता वटवृक्षाच्या देवतेला नवस बोलली होती. नवस फळाला आला तेव्हा ती पायसाचे पात्र घेऊन निघाली, आणि झाडाखाली बसलेल्या कृश सिद्धार्थाला पाहून तिला वाटले, वृक्षदेवताच प्रकट झाली! एका मनुष्याला झाडाचे दैवत मानणारी ही स्त्री पुढे शांतिनिकेतनात स्वतःच झाडासारखी उभी राहिली. आधुनिक भारतीय शिल्पाच्या इतिहासातील ही घटना आम्हांस फार महत्त्वाची वाटते.

रामकिंकर बैज (१९०६–१९८०) यांनी ही मूर्ती १९३५ साली निलगिरीच्या झाडांत उभारली. आरंभी ती सुजाता नव्हतीच. खोडासारखी सरळ, सडपातळ अशी एक मुलगी, एवढेच तिचे रूप. नंदलाल बोस यांनी तिच्या डोक्यावर पात्र ठेवण्याचे सुचविले आणि ती सुजाता झाली, असे सांगतात.

स्त्री आणि वृक्ष यांची जोडी आपल्या कलेत जुनीच आहे. सांचीच्या तोरणावरील यक्षी आम्रवृक्षाच्या फांदीला बिलगलेली आहे. पण तेथे झाड वेगळे, स्त्री वेगळी. इटलीत बेर्निनीने १६२२ ते १६२५ या काळात घडविलेल्या ‘अपोलो आणि डॅफ्नी’त युवतीच्या बोटांतून पाने फुटतात, तेथे चमत्कार घडतो. रामकिंकरांनी यांपैकी काहीच केले नाही. त्यांच्या सुजातेला ना फांदी, ना पान. झाडापासून तिने घेतली ती केवळ उंची, उभे राहण्याची रीत आणि खरबरीत त्वचा.

ही त्वचा कोठून आली? संगमरवर आणि कांसे महाग. म्हणून सिमेंटात तेथल्याच मातीतले तांबडे खडे, आपल्या कोकणातील जांभ्याच्या जातीचे, कालवून त्यांनी मूर्ती घडविली. गरिबीतून निवडलेल्या या द्रव्याने दगडाला न साधणारे काम केले: अंगाला सालीचा पोत दिला.

मात्र या शिल्पाचे अर्धे अंग भोवतालची झाडे हेच होय. दिवाणखान्यात नेऊन ठेवले, तर तीच मूर्ती उगाच लांबविलेली वाटेल. २०२३ साली शांतिनिकेतनाची युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांत नोंद झाली, याचा आम्हांस आनंद आहे. पण वारसा जपणारांनी एवढे ध्यानी धरावे, की सिमेंटला तडा गेला तर तो बुजविता येतो. झाड गेले, तर नवे लावून त्याच्या उंचीची वाट पाहावी लागते. सुजातेची राखण करावयाची, तर गवंड्याइतकाच माळीही हवा.